इन्सुलेशन चढण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण इथे ३० दिवसांची रिलायबिलिटी रन, म्हणजे केंद्र सलग न थांबता चालवून दाखवायची चाचणी, चालू आहे आणि एकोणिसाव्या दिवशी एका फुटकळ लिमिट स्विचने वाफेचं टर्बाइन बंद पाडलं. आमच्या कराराप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून. त्या रात्री मी कुणाशी बोललो नाही. बोललो असतो तर सकाळी दहा जणांची माफी मागावी लागली असती. आज मोजणी तेरावर आहे, हात थोडे मोकळे आहेत, म्हणून लिहायला बसलोय.

तू विचारलंस, ‘परदेशातल्या वीज केंद्राची उभारणी आणि माणसांची भरती, दोन्ही माझ्याच गळ्यात घालतायत. हो म्हणू का?’

दोन्ही तुझ्याच गळ्यात घालतायत हे बरंच आहे. ही कामं दोघांकडे असली की उभारणीवाल्याला फक्त तारीख दिसते आणि चालवणाऱ्याला पुढची पंचवीस वर्षं, आणि मधल्या भांडणात व्हॉल्व्ह उलटे बसतात. हे मी शब्दशः म्हणतोय, पुढे सांगतो. पण एक लक्षात घे. तू काय, मी काय, आपण चालत्या केंद्रात वाढलो. तिथे काही बिघडलं तर मागे बघायला कालचा दिवस असतो, कालची लॉगशीट, कालचं व्हायब्रेशन. इथे कालचं काही नसतं. बेअरिंगचं तापमान ८२ झालं तर ते या मशीनला साजेसं आहे की दुखण्याची सुरुवात, हे सांगायला कुणी नसतं. पहिले काही महिने मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटायची.

पहिलं वर्ष तर वीज केंद्राचं वाटणारच नाही. ते जेट्टीचं, रस्त्याचं, कस्टम्सच्या कागदांचं आणि व्हिसाचं. त्यावर फार लिहीत नाही. फक्त सर्वांत जड नग कोणता आणि तो कोणत्या पुलावरून येणार, हे पहिल्याच आठवड्यात विचार. आमच्या जनरेटरचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, ३०० टनांच्या घरातला. वाटेतल्या दोन पुलांना ते वजन पेलणार नव्हतं. एकाला खालून टेकू दिले, दुसऱ्याच्या शेजारून पात्रातूनच वळणरस्ता काढला, तोही पाऊस सुरू व्हायच्या आत. बावीस आस असलेला ट्रेलर रात्रभर माणसाच्या चालीने सरकत होता आणि मी त्याच्यामागून चालत होतो. जाऊन काही उपयोग नव्हता, पण झोप तरी कुठे येणार होती?

ट्रान्सफॉर्मर आला तेव्हा त्याच्यावरच्या इम्पॅक्ट रेकॉर्डरने समुद्रात कधीतरी बसलेला एक धक्का दाखवला, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, असं होतंच, सही करा. मी केली नाही. झाकण उघडून आत उतरून तपासणी, मग फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स चाचणी आणि कारखान्यातल्या आलेखाशी ताळा. अकरा दिवस गेले. सापडलं काहीच नाही. वरच्या कार्यालयात आजही कुणी ना कुणी ते अकरा दिवस मला ऐकवतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा अकरा दिवस घालवीन.

ड्रॉइंगचा गोंधळ मात्र मी कमी लेखला. टर्बाइन एका देशाचं, बॉयलर दुसऱ्या, स्विचयार्ड तिसऱ्या, आणि सगळ्यांचे कागद एकाच टेबलावर. कुणाच्या ड्रॉइंगमध्ये दशांशाच्या जागी स्वल्पविराम, म्हणजे १,२५० हे सव्वा. तर कुणाचं १,२५० हे साडेबाराशे. कुणी फर्स्ट अँगलमध्ये काढणार, कुणी थर्ड अँगलमध्ये, म्हणजे एकाच वस्तूच्या बाजू मांडायच्या दोन उलट पद्धती. कोपऱ्यातली ती चिमुकली खूण न बघता फॅब्रिकेशनवाल्यांनी सोळा ब्रॅकेट केले, सोळाही आरशात बघून केल्यासारखे उलटे. तारखांचंही तेच, ०५/०६ म्हणजे मे की जून यावरून एक जहाज चुकता चुकता राहिलं. शेवटी मी हुकूम काढला, साइटवर तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहायचा. लोक हसले, पण लिहायला लागले.

क्रेनच्या इशाऱ्यांचंही हेच. चार देशांचे रिगर, म्हणजे जड नग बांधून उचलवणारे, प्रत्येकाचे हात वेगळे हलणार. आम्ही सरळ ठरवलं, एका उचलीला इशारा देणारा एकच माणूस, त्याच्या अंगात वेगळ्या रंगाचं जॅकेट. ‘थांब’ हा इशारा मात्र कुणीही द्यावा, झाडूवाल्यानेसुद्धा, आणि ऑपरेटरने आधी थांबावं, मग विचारावं.

टर्बाइनच्या पायाचं काँक्रीट सलग ओतायचं असतं, मधे सांधा पडता कामा नये. आमचं १,२०० घनमीटर होतं, ३४ तास लागले. पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा, पोटात थर्मोकपल. एवढ्या जाडीच्या ठोकळ्याची आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. पोटातलं तापमान ७० अंशांपलीकडे गेलं की पुढे कित्येक वर्षांनी तडे जाण्याची टांगती तलवार राहते. तो पार पडला उत्तम. भांडण झालं ते वरच्या डेकच्या शटरिंगवरून. ठेकेदाराला ते चार दिवस आधी काढून पुढच्या कामाला न्यायचं होतं. क्यूबचा, म्हणजे काँक्रीटच्या नमुन्याच्या ताकदीचा, निकाल यायचा होता आणि रात्री गारठा होता, म्हणजे काँक्रीट सावकाश धरणार. तो म्हणाला, मी तीस वर्षं हेच करतोय.

तेव्हा मी त्याला विलो आयलंडची गोष्ट सांगितली. अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया, २७ एप्रिल १९७८. वीज केंद्राचा कूलिंग टॉवर बांधला जात होता. परांची जमिनीवर उभी नव्हती, टॉवरच्याच काँक्रीटला बोल्टने अडकवलेली होती, आणि ज्या थरावर तिचा भार आला तो आदल्या दिवशीच ओतलेला. सकाळी परांची सोलपटासारखी सुटत गेली. ५१ माणसं गेली. त्यांच्यातही तीस वर्षं हेच करणारे असतीलच ना? ठेकेदार काही बोलला नाही, पण शटरिंग राहिलं.

आता माणसांकडे येतो. तू विचारलं होतंस त्यातलं हेच मोठं.

ऐन भरात आमच्या साइटवर साडेतीन हजार माणसं होती. त्यातली माझ्या कंपनीची जेमतेम नव्वद. बाकी सगळी ठेकेदाराची, उपठेकेदाराची, त्याच्याही खालच्या मुकादमाची. कागदोपत्री ती माझी नव्हती. सातव्या महिन्यात वेल्डरांच्या राहण्याच्या जागेची पाहणी करायला गेलो, तर उपठेकेदाराच्या कपाटात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पासपोर्ट. एकशे अठरा. म्हणे, हरवू नयेत म्हणून सांभाळतो. मग एकेकाशी बोललो. बहुतेकांनी इथे येण्यासाठी एजंटला पैसे मोजलेले, व्याजाने काढून. म्हणजे पहिले काही महिने तो माणूस वीज केंद्रासाठी राबतच नव्हता, सावकारासाठी राबत होता. असा माणूस असुरक्षित काम नाकारेल कशाच्या जोरावर?

पासपोर्ट दुसऱ्याच दिवशी परत केले आणि प्रत्येकाला कुलपाचा लॉकर दिला. ते सोपं होतं. एजंटचे पैसे उपठेकेदाराकडून परत करवायला आठ महिने लागले, तेही सगळ्यांचे नाहीत, आणि त्याची बिलं अडवल्यावर. कामगाराकडून भरतीचं शुल्क घेऊ नये हा नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७च्या १८१ क्रमांकाच्या कराराने केव्हाच घालून दिलाय. पण तो आमच्या करारात लिहिलेला नव्हता. निविदा काढतानाच लिही. काम देऊन झाल्यावर तुझ्या हातात बिल अडवण्याशिवाय दुसरं हत्यार उरत नाही, आणि बिल अडवलं की पहिली उपासमार त्याच माणसाची होते. माझ्या हातून हे उशिरा झालं, याची बोच आहे.

वेल्डर म्हटलं की आणखी एक. पी ९१ या जास्त उष्णता सोसणाऱ्या पोलादाच्या पाइपवर काम करणारा वेल्डर कागदावर पास असला तरी तुझ्यासमोर एक सांधा करू दे. आधी २०० अंशांवर तापवणं, जोडल्यावर ७६०च्या आसपास ठरलेला वेळ धरून ठेवणं, मग कडकपणा मोजणं. यात रात्रीच्या पाळीत हीटरची वीज वीस मिनिटं गेली तर कुणीही आपणहून सांगत नाही. तापमानाचे आलेख तू स्वतः बघ. सरळ रेघ फारच सरळ दिसली तर संशय घे.

आता चालवणाऱ्या माणसांचं.

मुख्य कार्यालयाशी माझं सर्वांत मोठं भांडण यावरूनच. हिशेब बघ. आठवड्याचे तास १६८. माणूस आठवड्याला ४२ तास काम करतो असं धरलं तर एका खुर्चीला चार माणसं, आणि तीही कधी आजारी न पडणारी, रजा न घेणारी. म्हणून पाच तुकड्या. हे वर कुणाला पटायला अडचण नव्हती. अडचण होती केव्हा घ्यायची यावर. ‘मशीन उभं नाही, मग ऑपरेटर काय करणार? पगार कशाचा?’ उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हा प्रश्न अगदी बिनतोड वाटत होता. त्यांच्या वेळापत्रकात भरती पहिल्या फायरिंगच्या, म्हणजे पहिल्यांदा इंधन पेटवण्याच्या, चार महिने आधी होती. वरातीमागून घोडं.

मी १६ महिने आधी २४ जण घेतले, सगळे याच देशातले. त्यासाठी माझ्या दोन परदेशी तज्ज्ञांच्या जागा सोडाव्या लागल्या. आल्या दिवशी प्रत्येकाला एकेक सिस्टिम वाटून दिली, कुणाला फीडवॉटर, कुणाला लूब ऑइल, कुणाला इन्स्ट्रुमेंट एअर. हातात पाइपिंगचा आराखडा, डोक्यावर हेल्मेट, आणि पायी पाइप शोधत जायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इन्सुलेशन चढलं की सगळे पाइप सारखेच चकचकीत दिसतात. उघडा पाइप ज्याने पाहिलाय, त्याला रात्री तीन वाजता कंट्रोल रूमच्या पडद्यावरच्या रेघेमागे खरा ड्रेन कुठे आहे ते आठवतं. सिम्युलेटर चांगला असतो, आम्हीही सहा आठवडे पाठवलं. पण सिम्युलेटरमध्ये गंजलेलं हँडव्हील नसतं.

लूब ऑइल ज्या मुलीकडे होतं ती पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेली. फार हळू बोलायची. ऑइल फ्लशिंग झालं, तेल स्वच्छ ठरलं, काढून ठेवलेले नॉन-रिटर्न, म्हणजे एकाच दिशेने वाहू देणारे, व्हॉल्व्ह परत बसवले. ती नेहमीप्रमाणे आराखडा घेऊन फिरली आणि डीसी पंपाच्या डिलिव्हरीवरच्या व्हॉल्व्हचा बाण तिला पंपाकडे तोंड केलेला दिसला. म्हणजे सगळी वीज गेली आणि फक्त बॅटरी उरली, तर धावत्या रोटरच्या बेअरिंगला तेल देणारा जो शेवटचा पंप, त्याचीच वाट बंद. तिने फोरमनला सांगितलं. त्याने हात हलवून हाकललं. रात्रभर विचार करून सकाळी माझ्या दारात उभी, ‘सर, मी चुकत असेन, पण...’

पुढच्या चाचण्यांत ते सापडलं असतं का? बहुधा हो. पण ‘बहुधा’वर मी झोपू शकत नाही. मी तिला फोरमनसमोर नेलं आणि लाल टॅगचं, म्हणजे ‘दोष आहे, हात लावू नका’ अशा चिठ्ठ्यांचं, पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, तू टॅग लाव, काढणारही तूच. त्या दिवसापासून २४ जण ठेकेदाराच्या माणसांच्या मागे हात धुऊन लागले. पंचलिस्ट, म्हणजे राहिलेल्या दुरुस्त्यांची यादी, चारशे मुद्द्यांनी वाढली. ठेकेदाराने तक्रार केली, आणि ती तक्रार मी जपून ठेवलीय.

हे लोक टिकवणं हा वेगळा विषय. त्याच डेस्कवर, तेच काम करणाऱ्या परदेशी माणसाचा पगार यांच्या चौपट. घर वेगळं, बस वेगळी. यावर भाषणाने काही होत नाही. पगार मला बदलता आला नाही. बस एक केली, जेवणघर एक केलं, आणि प्रत्येक परदेशी तज्ज्ञाच्या करारात घातलं की त्याच्या जागी कोण बसणार त्या माणसाचं नाव आणि तारीख आजच लिहायची. शेवटचा बोनस त्या तारखेला बांधलेला. दोघांनी नाराजीने सही केली, एक जण सोडून गेला. जो गेला तो हुशार होता, पण आपलं ज्ञान खिशातल्या वहीत ठेवणारा. ताकास तूर लागू द्यायचा नाही.

सर्वांत जपायचा दिवस बॅक-फीडचा. दोन वर्षं माणसं मेलेल्या केबलवरून चालतात, बसतात, त्यावर कोट टांगतात. मग एका सकाळी ग्रिडकडून ट्रान्सफॉर्मरमार्गे उलटी वीज आत येते, आणि दिसायला काहीच बदलत नाही. ना आवाज, ना रंग. सवय मात्र कालचीच असते. आम्ही आठवडाभर आधी फक्त स्विचगिअरच्या, म्हणजे वीज जोडण्या-तोडण्याच्या कपाटांच्या, दारांवरच नाही तर सगळीकडे फलक लावले, पाच भाषांत, आणि त्या दिवशी सकाळी दोन तास अख्खी साइट थांबवली. परमिटशिवाय पॅनेलला हात लावणाऱ्याचा गेट पास तिथल्या तिथे रद्द. पहिला गेट पास रद्द झाला तो माझ्याच एका जुन्या, विश्वासू इंजिनिअरचा. फार जड गेलं. त्याला परत पाठवला. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

गॅसच्या पाइपची सफाई करायची वेळ आली तेव्हा प्रस्ताव आला, गॅसच जोरात सोडून पाइप फुंकून काढू, स्वस्त आणि झटपट. मी विचारलं, ७ फेब्रुवारी २०१० ठाऊक आहे का? अमेरिकेत कनेटिकटमधलं मिडलटाउन, बांधून होत आलेलं आपल्यासारखंच कंबाइन्ड सायकल, म्हणजे गॅस आणि वाफ अशा दोन्ही टर्बाइनचं, केंद्र, हेच काम, असाच गॅस उघड्यावर सोडलेला. कुठेतरी ठिणगी मिळाली. सहा माणसं गेली. त्यानंतर तिथल्या तपास मंडळाने स्पष्ट शिफारस केली, हे काम गॅसने करू नका, हवेने करा. आम्ही कॉम्प्रेसर भाड्याने आणले. नऊ दिवस. हेही नऊ दिवस ऐकवले जातात.

वाफेच्या फुंकणीत मात्र चूक माझी. टर्बाइनच्या पात्यांना कचरा लागू नये म्हणून वाफ जोरात बाहेर सोडतात, मधे चकचकीत पट्टी धरतात, तिच्यावर खड्डे उमटायचे थांबले की पाइप स्वच्छ. हे तुला माहीत आहे. आवाजही माहीत आहे. कुंपणापलीकडच्या वस्तीला माहीत नव्हता. पहिली फुंकणी रात्री अकराला झाली आणि लोक पोरंबाळं उचलून पळत सुटले; एक म्हातारे गृहस्थ पडून हाताला लागलं. साइटवर पाच भाषांत फलक लावणारा मी, कुंपणाबाहेर एक माणूस पाठवायला विसरलो. दुसऱ्या दिवशी घरोघरी गेलो. कुणी ओरडलं नाही, त्याने जास्त लाज वाटली. त्यानंतरच्या सगळ्या फुंकण्या दिवसा, वेळ सांगून.

सिंक्रोनायझेशनच्या, म्हणजे मशीन पहिल्यांदा ग्रिडला जोडायच्या, दिवशी डेस्कवर कोण होतं, ओळखलं असशील. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने संथ फिरायला लागला, म्हणजे मशीन ग्रिडपेक्षा किंचित पुढे. ग्रिडला जोडणारा ब्रेकर आता आपोआपच लागतो, बारावर काटा येण्याच्या अगदी किंचित आधी. तरी माझा हात नकळत पुढे गेला. मी तो खिशात घातला आणि ती पडदा बघत बसली. ब्रेकर लागला, आणि पाच मेगावॉट चढले. तिने लॉगमध्ये वेळ लिहिली. पहिली ओळ. तुला आठवतंय, चालत्या केंद्रात कालची ओळ असते. ती आता इथेही आहे.

आता साइट रिकामी होतेय. साडेतीन हजारांवरून आम्ही साठावर येणार. शेवटचे महिने सुरुवातीपेक्षा अवघड, हे कुणी सांगत नाही. माणसाला आपली जाण्याची तारीख माहीत नसेल तर हत्यारं गायब होतात, रोज अफवा, रोज मारामारी. तारखांची यादी तीन महिने आधीच फलकावर लाव, आणि तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेव, ठेकेदारावर सोडू नकोस. आणि क्लेमची, म्हणजे जादा पैसे किंवा वेळ मागण्याची, नोटीस. फिडिकच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बांधकाम कराराच्या, १९९९च्या नमुन्यात २८ दिवस दिलेत. माझं एक चांगलं प्रकरण तेहतिसाव्या दिवशी लिहिलेल्या पत्रामुळे बुडालं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो म्हण, पण कागदावर सही करण्याआधी तो मला पाठव. मी त्यात दोनच गोष्टी शोधणार आहे. ऑपरेटरांचा पगार पहिल्या फायरिंगच्या किती महिने आधी सुरू होतो, आणि उपठेकेदाराच्या माणसांच्या पासपोर्टबद्दल काय लिहिलंय. पहिल्याचं उत्तर बारापेक्षा कमी असेल तर भांड. आत्ता भांड, नंतर तुझ्याकडे वेळ नसेल.

वहिनींना नमस्कार. मुलांची परीक्षा आटोपली असेल. मी दीड महिन्याने सुटतो असं सगळ्यांना सांगतोय. पूर्वी दोनदा असंच सांगितलं होतं.

तुझा,
जुना शिफ्टमधला सोबती

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं. मोजणी आज अठरावर आहे. तिन्ही लिमिट स्विच बदललेत. जुना मी टेबलावर ठेवलाय.